उलट्या होडीवरची टकटक

लोकांच्या गूढ अनुभवांच्या ह्या गटात मी फक्त वाचते, लिहीत नाही. आणि वाचतानाही हातात मनातली लाल पेन्सिल असते... हा वारा असेल, हा ताप असेल, ह्या माणसाची झोप झाली नसेल. पेडण्याच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. 'कारणे द्या' हा प्रश्न हजारदा घातला असेन. ज्याला कारण देता येत नाही असं काही माझ्याच बाबतीत होईल, हे कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. तरी लिहिते आहे.

आमचे हे केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर कामाला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लहान लाकडी होडी घेतली, मागे इंजिन बसवलं, आणि रविवारी आम्हाला खाडीत फिरवून आणायचे. त्यांची एक शिस्त होती. होडी सुटण्याआधी प्रत्येकानं आपल्या जवळच्या फळीवर बोटाच्या पेरानं एकदा वाजवायचं. पुढून मागे, ओळीनं. हे तांडेल, होडी हाकणारे, म्हणून सगळ्यांत शेवटी, आणि दोनदा — टक टक. म्हणजे सगळी आली, आता कोणी जागा सोडायची नाही.

"डोकी का नाही मोजत?" मी एकदा विचारलं.

"अगो मास्तरणी, धुक्यात तुका डोकी दिसतली?"

होडी उलटली तर काय करायचं, हे त्यांनी आम्हा सगळ्यांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. "होडयेक सोडू नको. उलटी झाली तरी ती तरंगता. किनाऱ्याक लागल्यार परत मोज. आनी जो पाणी प्यालो, तो हसत असलो तरी आदी डॉक्टर."

"मला पोहताच येत नाही, मी कशाला सोडते होडी?" मी म्हणायची. मग ते खूश.

शेवटच्या आजारात त्यांचा आवाज गेला. मला बोलवायचं असलं की खाटेच्या लाकडावर तीच खूण करायचे — टक टक. एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत जनेलाच्या उजेडात वाचत बसले होते. टकटक ऐकू आली. मनात म्हटलं, एवढं पान संपवते आणि जाते.

पान संपवून गेले, तेव्हा ते गेलेले होते.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. मुलालाही नाही.

वर्षश्राद्धाला मुलगा निरंजन, सून मेघना आणि नऊ वर्षांची नात सई पुण्याहून आली. श्राद्ध झालं, आणि दुसऱ्या दिवशी सईनं हट्ट धरला — आजोबांच्या होडीतून डॉल्फिन बघायचे. ती होडी ह्यांच्यामागे त्यांचा केरीचा दोस्त बाबुली चालवतो; ह्यांना तो भाऊ म्हणायचा. मला जायचं नव्हतं. पण सईनं हात धरला, आणि तिचा अंगठा अगदी ह्यांच्यासारखा आहे.

बाबुलीनं सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली. मी म्हटलं, "बाबुली, वाजवून मोजायचं राहिलं."

"वयनी, आता तां कोण करता? पर्यटक हसतत माका."

"आम्ही पर्यटक नाही."

सई सगळ्यांत पुढे होती, तिनं पहिलं वाजवलं. मग मेघना, मी, निरंजन. मागे इंजिनापाशी बाबुली. त्यानंही एकदाच वाजवलं.

"तू तांडेल ना? तुझे दोन."

"दोन भाऊंचे, वयनी," तो म्हणाला. "माझो एकच."

डॉल्फिन दिसले. सई खूप हसली. परत येताना नदी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा उंचवटा आहे, पाणी तिथे फुटतं. इंजिन क्षणभर अडखळलं, होडी आडवी झाली, आणि कुशीला लाट बसली. एवढंच. पुढचं मला आठवतं ते नाकातलं खारट पाणी आणि तळहाताखाली होडीचा शेवाळलेला तळ. मेघना माझ्या शेजारी होती. बाबुली पलीकडे. निरंजन वर आला.

सई नव्हती.

मेघनानं जी हाक मारली, ती मी इथे लिहिणार नाही. ओहोटी होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. तेवढ्यात निरंजनला लांब नारिंगी काहीतरी तरंगताना दिसलं. सईचं जॅकेट नारिंगी होतं. त्यानं होडी सोडली आणि तिकडे पोहत सुटला.

आणि माझ्या तळहाताखाली, लाकडातून — टक टक.

आधी हाताला कळलं, मग कानाला. मी एक क्षणही थांबले नाही. "निरंजन, मागे फिर! बाबुली, होडीखाली! सई होडीखाली आहे!" इतक्या जोरात मी वर्गातही कधी ओरडले नव्हते.

बाबुलीनं बुडी मारली. उलट्या होडीच्या पोटात वीतभर हवा होती आणि सई त्या हवेत नाक वर करून अडकली होती. जॅकेट तिला वर दाबून धरत होतं, त्यामुळे तिला खालून निघता येत नव्हतं. बाबुलीनं पट्टा सोडला आणि तिला बाहेर ओढलं. निरंजन धापा टाकत परतला. नारिंगी होती ती तिची पिशवी. आणखी थोडा लांब गेला असता तर ओहोटीनं त्याला परत येऊ दिलं नसतं, असं बाबुली नंतर म्हणाला. मासेमारीच्या एका होडीनं आम्हाला उचललं.

किनाऱ्यावर आम्ही पुन्हा मोजलं. पाच.

सई भेळ मागत होती. निरंजन म्हणाला, "बरी आहे ती, घरी जाऊ." मी म्हटलं, आधी डॉक्टर. संध्याकाळी दवाखान्यात तिला खोकला सुरू झाला, श्वास लागला. रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आणलंत ते बरं केलंत.

सकाळी तिला दूध-पाव भरवताना मी म्हटलं, "शहाणी गं माझी, आतून वाजवलंस ते."

"हो, माझा नंबर पहिला ना? मी एकदा वाजवलं. पण पुढचं कोणी वाजवेचना."

"एकदा?"

"एकदाच. मग शेवटचे दोन वाजले. मला वाटलं, चला, सगळे आहेत. मग भीती नाही वाटली."

मी बाबुलीला विचारलं. "मी न्हय, वयनी. माझे दोनय हात पाण्यात." मेघनानं टकटक ऐकली होती, तिला वाटलं मीच वाजवली. निरंजन इंजिनिअर आहे. तो म्हणतो, सुटलेलं वल्हं आपटलं असेल. असेलही. मी स्वतःला तेच सांगून पाहिलं. पण वल्हं आपटलं तर ते आपटतच राहील ना... दोनदा वाजून, काम झाल्यासारखं, गप्प कसं होईल?

त्याच सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून मी निरंजनला त्या दुपारच्या पानाबद्दल सांगितलं. त्यानं माझ्या हातातला दुधाचा पेला घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई, तू पान अर्धं टाकून उठलीस की बाबाच ओरडायचे ना तुझ्यावर?"

ओरडायचे, खरंच. ते मी विसरूनच गेले होते.

आता कारण द्या म्हटलं तर माझा कागद कोरा आहे. होडी बाबुलीनं दुरुस्त केली. महिन्यातून एकदा मी जाते, खाडीतच, उंचवट्याच्या अलीकडे. मी वाजवते, बाबुली वाजवतो, एकदाच. मग इंजिन सुरू करायच्या आधी तो जरा थांबतो. काही वाजत नाही. तरी आम्ही दोघं थांबतो.