बर्लिन फुकट आहे म्हणे!

भीतीचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एकाने सांगितला की दुसऱ्याला स्वतःचा आठवतो आणि तिसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही!" आमच्या जर्मनीतल्या नेकारसुल्म गावच्या मराठी मंडळींचं महिन्यातून एका शनिवारी एकत्र जेवण असतं. नवरे सगळे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. ब्रेक फेल झाला तर काय, हा विचार करण्याचाच त्यांना पगार मिळतो. घरी आल्यावर तो विचार बंद कसा करायचा, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही. पोह्यांनी सुरुवात होते आणि वरणभात वाढेपर्यंत आम्ही सगळे व्यवस्थित घाबरलेले असतो.

आमच्यातले देवधर शुक्रवारी आलेलं सरकारी पाकीट उघडत नाहीत. शनिवार-रविवार ऑफिसं बंद, मग दोन दिवस नुसतं घाबरून काय करायचं? म्हणून पाकीट तांदळाच्या डब्यात जातं, ते थेट सोमवारी बाहेर. एकदा असंच पाकीट आलं. दोन दिवस देवधरांना जेवण गेलं नाही. नोकरी जाणार, व्हिसा जाणार, नाहीतर टॅक्सवाल्यांनी काहीतरी शोधून काढलंय! सोमवारी उघडलं तर आत कचऱ्याचं वेळापत्रक. रद्दी उचलायचा दिवस शनिवारी होता, तो हुकला होता!

* * *

हसा खुशाल. पण दोन हजार सहाच्या शेवटी आमच्या राज्यात युनिव्हर्सिटीला फी लागायची वेळ आली, तेव्हा तांदळाच्या डब्यात शिरायची पाळी आमची होती. दर सेमिस्टरला पाचशे युरो. आमची रेवा तेव्हा सतरा वर्षांची, शाळेची दोन वर्षं उरलेली.

पुण्या-मुंबईकडची फी ऐकली तर पाचशे युरो म्हणजे काहीच नाही. पण आजवर जे फुकट होतं त्याला किंमत लागली की माणूस हादरतो. त्यात शेजारच्या राज्यातल्या एश्बॉर्नहून माझ्या नवऱ्याला खांडेकरांचा फोन. हे आयटी कन्सल्टंट, त्यामुळे न विचारता कन्सल्टिंग करतात. "प्रशांत, आमच्या राज्यातही लागणार. बर्लिनला मात्र फी नाही. पोरीला बर्लिनला टाक!"

मी सांगलीला सासूबाईंना फोन लावला. म्हटलं, "अहो आई, बर्लिनला युनिव्हर्सिटी फुकट आहे."

त्या हळूच म्हणाल्या, "नीट चौकशी केलीस ना गं? फुकटच्या कॉलेजात शिकलेल्या आपल्या रेवाला लग्नाला कुणी पसंत करेल का?"

* * *

प्रशांतच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला. त्याचं कॉलेज महाराष्ट्रातलं. तिथे परराज्यातल्या पोरांना जागा किती आणि फी किती, हे त्याने जवळून बघितलेलं. "बर्लिन त्यांच्या पोरांना फुकट देत असेल. बाहेरच्या राज्यातल्यांना कशाला देतील? डोमिसाइल लागणारच!"

रेवाने जेवता जेवता जर्मनमध्ये सांगितलं, की बाबा, असं काही नसतं. ती मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्येच देते. पण सतरा वर्षांच्या मुलीचं ऐकतो कोण?

प्रशांत सुट्टी टाकून नगरपालिकेच्या ब्युर्गरआम्टमध्ये गेला. खिडकीतल्या बाईंना पंधरा मिनिटं डोमिसाइल समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "साहेब, बर्लिन जर्मनीतच आहे."

घरी येऊन म्हणाला, "बघ, कशा टाळतात!"

* * *

मग त्याने ते केलं. आणि सही माझीही होती, हे आधीच सांगून टाकते.

खांडेकरांचा एक चुलतभाऊ बर्लिनला राहायचा. प्रशांत रेवाचा पासपोर्ट घेऊन तिकडे गेला आणि त्या भावाच्या पत्त्यावर तिची राहण्याची नोंद, आन्मेल्डुंग, करून आला. म्हणजे कागदोपत्री आमची मुलगी बर्लिनला राहायला गेली! प्रत्यक्षात ती आतल्या खोलीत गणितं सोडवत बसली होती. "दोन वर्षं आधीपासून पत्ता असला की कुणाची बोलायची टाप नाही," प्रशांत म्हणाला. त्या दिवशी त्याला फार हलकं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. परदेशी लोकांच्या परवान्याचं जे ऑफिस असतं, त्यांचं. आपली मुलगी बर्लिनला गेल्यामुळे तिची फाईल तिकडे पाठवली आहे, पुढील परवाना तिकडूनच घ्यावा. आणि रेवाचा राहण्याचा परवाना पाच आठवड्यांत संपत होता.

प्रशांतचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्याच दिवशी पळत जाऊन त्याने पत्ता पुन्हा नेकारसुल्मचा केला. मग आम्ही दोघं परवान्याच्या ऑफिसात.

"मुलगी कुठे राहते?" साहेबांनी विचारलं.

"इथे."

"मागच्या आठवड्यात?"

"बर्लिनला."

"आणि महिन्यापूर्वी?"

"इथेच."

साहेबांनी कौतुकाने मान वर केली. "फिरतीची नोकरी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "शाळेत आहे."

* * *

आता फाईल बर्लिनला पोचायची होती, मग तिथून परत निघायची होती. मुलगी घरात आणि फाईल प्रवासात! चूक कुणाची, हे विचारायचीही सोय नव्हती. ऑफिसं आपापलं काम नियमाने करत होती. नियमबाह्य आम्हीच होतो.

परवाना संपला आणि फाईल आलीच नाही तर? खोटा पत्ता दिला म्हणून चौकशी झाली तर? मी पोस्टमनची सायकल ओळखायला शिकले. शनिवारच्या जेवणात प्रत्येकाने एकेक ओळखीची केस सांगितली, आणि प्रत्येक केसमध्ये शेवटी कुणीतरी विमानात बसत होतं. देवधर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका." त्यानंतर मी जास्तच काळजी करू लागले, कारण देवधर असं कधी म्हणत नाहीत!

परवाना संपला त्याच आठवड्यात रेवाच्या वर्गाची सहल प्रागला होती. तिला बॉर्डर ओलांडता येणार नव्हती. बॅग भरलेली होती, ती तिने एकेक कपडा काढून रिकामी केली. पाच दिवस खोलीचं दार बंद. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं. ती रडली नाही.

सहाव्या दिवशी फाईल आली. सहल आदल्या दिवशी परतली होती. साहेबांनी शिक्का मारला, हसून शुभेच्छाही दिल्या. प्रशांतने त्यांचे इतके आभार मानले की ते संकोचले. रेवाने फक्त पासपोर्ट उचलला आणि पहिल्यांदाच तो बाबांकडे न देता स्वतःच्या बॅगेत ठेवला.

* * *

दोन वर्षांनी दोन्हीकडून प्रवेश मिळाला. इथे, घरून ट्रेनने जाण्यासारखं, पण फीचं. आणि बर्लिन, बिनफीचं. डोमिसाइल कुणीही मागितलं नाही!

प्रशांतने एक्सेल काढलं. इथे वर्षाला हजार युरो फी, पण राहणं-खाणं घरचं. तिकडे फी शून्य. खोली, जेवण, ट्रेनची तिकिटं मात्र सगळी वेगळी. बेरीज आली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. "बघा! फी भरून इथे शिकणंच स्वस्त. फुकट महाग पडतं!" मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, ती गेली तर घरात आम्ही दोघं एकमेकांना काय घाबरवणार, हीच मला भीती होती.

जेवायला आलेल्या देवधरवहिनींनी तो तक्ता बघितला आणि मला विचारलं, "यात तिला काय शिकायचंय, तो रकाना कुठे आहे गं?"

रेवाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. खाली एक ओळ घातली: बेकरीत काम, बर्लिन, शनिवार-रविवार. आकडा टाकला. बेरीज बदलली. आता बर्लिन स्वस्त होतं.

प्रशांतने ती ओळ दोनदा वाचली. "शनिवार-रविवार काम? मग तू घरी कधी येणार?"

रेवा म्हणाली, "गेनाऊ."

म्हणजे, बरोबर बोललात.

* * *

ऑक्टोबरात तिला सोडायला आम्ही बर्लिनला गेलो. प्रशांतने खिडकीची कडी तपासली, गॅस तपासला, तिच्या रूममेटला रक्तगट विचारला. नंतर पत्ता नोंदवायला तिघंही ब्युर्गरआम्टमध्ये. या वेळी सगळं खरं होतं. नंबर लागेपर्यंत प्रशांतने कागद तीनदा तपासले, आणि चौथ्यांदा मी.

खिडकीतल्या बाईंनी रेवाचे कागद बघितले. नवा पत्ता टाइप केला. मग विचारलं, "आई-वडिलांकडचा पत्ता दुसरं घर म्हणून ठेवायचा, की काढून टाकायचा?"

रेवाने पासपोर्ट उघडला आणि मिटला.

"तिकडे वरचेवर राहणार असाल तर ठेवा," बाई समजुतीने म्हणाल्या. "वर्षातून किती वेळा जाल?"

रेवा आमच्याकडे वळली. मला आठवतं, मी तेव्हा दिवाळी मोजली, नाताळ मोजला, आणि पुढे मला काही मोजता येईना.

प्रशांत मराठीत म्हणाला, "ठेव गं. दर शनिवारी येशील ना?"

बाईंचे हात कीबोर्डवर थांबले होते. "काय म्हणतात वडील?"

रेवा बाईंकडे वळून जर्मनमध्ये म्हणाली, "ते म्हणतात, काढून टाका."

बाईंनी खात्री करायला माझ्याकडे पाहिलं. मला जर्मन चांगलं येतं.

मी होकारार्थी मान हलवली.