कान आपलाच हाय

मुकुटबनची आत्या माणसाचा चेहरा नंतर पाही. आधी कान धरी. पहिल्याच भेटीत तिनं माझा डावा कान पिळला आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं, "हा कान आपलाच हाय. माणसाचं कूळ कानावर रायते." माझे कान सुपासारखे. जन्मात प्रथमच त्यांना कोणी मान दिला.

ही आत्या माझा शोध. आमची वंशावळ सांगणारा भाट कापूस वेचून झाला की यायचा आणि पिढ्या म्हणून दाखवायचा. पणजोबांचा धाकटा भाऊ सदोबा 'मुकुटबनकडे गेला', इथं त्याचं म्हणणं थांबे. मी पांढरकवड्याला कापूस पिंजायच्या एका जिनात नवा कारकून, मॅट्रिकची हवा डोक्यात. म्हटलं, पुढचं आपण जोडू. मुकुटबनला जाऊन विचारलं, तर सदोबाची नात सापडली. विधवा; माहेरचं कोणीच उरलेलं नाही. कूळ, देवक काही न विचारता मी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"बिनमाहेराच्या बाईले गाव मोजत नाही, बापू," ती म्हणाली. त्या दिवाळीला मी लुगडं नेलं. ते नेसून ती गावभर फिरली. जिच्याशी भांडण, तिच्या दारात आधी.

पुढल्या साली भाट मुकुटबनकडच्या भाटाला विचारूनच आला. आमचा सदोबा वाटेतच पटकीनं वारला होता, बिनलग्नाचा. आत्याचा आजा सदोबा निराळ्याच कुळातला.

"बापू, तुम्ही दुसऱ्याच्या झाडाले आपली फांदी बांधून आले," भाट म्हणाला.

मी आत्याकडे गेलो, अडखळत सगळं सांगितलं. तिनं पुन्हा कान धरला. "तुह्या भाटानं हा पाह्यला का? मंग त्याले काय समजते?" आणि ती भाकरी थापायला बसली.

ती भाकरी मी खाल्लीही. पण नंतर लाज वाटू लागली. फुकटचा भाचा होऊन आपण मिरवलो. पुढच्या दिवाळीला 'जिनात हंगाम आहे' असा निरोप धाडला. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही तोच. न गेल्याची लाज आता निराळी साचली होती.

मग एका कापसाच्या ट्रकवाल्यानं निरोप आणला. आत्या गेली, माहेरच्या लुगड्यासाठी थांबलेत.

लुगडं घेऊन एस.टी.नं पोचलो. डोक्याला, कानांना दुपट्टा गुंडाळलेला. अंगणात तिरडी बांधून तयार होती. तिचा मुलगा पुढे आला.

"माय साऱ्यायले सांगे, भाचा जिनाचा मॅनेजर झाला, सुट्टी भेटत नाही," तो म्हणाला. मी अजून जिनात कापसाच्या गाड्याच मोजत होतो. मग त्यानं हलकेच माझा दुपट्टा सोडला. "कान दाखवा, भाऊ. माय सांगून गेली, कान पाहूनच लुगडं घेजा."

म्हातारी मंडळी वाकून पाहू लागली. मी मान खाली घातली.

"माहेरचाच हाय," एक जण म्हणाला. "पांघरा."

आत्याच्या अंगावर लुगडं पांघरताना माझे दोन्ही कान जळत होते.