न पाहिलेली अणुभट्टी

अणुभट्टीच्या गाभ्यात न्यूट्रॉन कसे भटकतील, कशाला धडकतील, कुठं संपतील, याची गणितं मी संगणकावर मांडतो आणि तीच मुलांना शिकवतो. एवढ्या निरुपद्रवी कामापायी माझी दोन स्थळं मोडली. दुसऱ्या घरात तर ‘अणुभट्टी’ म्हणताच मुलीच्या काकूंनी रांगतं बाळ उचलून परसात नेलं.

म्हणून तिसरी मुलगी बघायला मुरगूडला निघालो तेव्हा माझ्या आत्तीनं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, गाडीतच दम भरला. “अणू म्हणून शब्द काढायचा न्हाय. कॉम्प्युटरवर काम हाय म्हणायचं, बास.” मी मान डोलावली. मुलगी गणिताची शिक्षिका होती. फोटो पाहिल्यापासून मला तीच हवी होती आणि भीती वाटत होती ती माझ्याच तोंडाची.

मुलगी पोहे देऊन आईजवळ बसली. मुलीचे मामा, उसाचे मोठे बागायतदार, माझ्यासमोरच बसले.

“कॉम्प्युटरवर करता काय पण, पावणं?”

“गणितं.”

“कसली?”

आत्तीनं चिमटा काढला. पण लपवाछपवी करायची म्हटलं की मला रागच येतो. “अणुभट्टीची!” मी जरा जोरातच म्हणालो. “आणि घाबरू नका, जन्मात मी अणुभट्टीच्या जवळपास गेलेलो नाही!”

आगीतून फुफाट्यात.

“म्हंजे? बघितलीच न्हाय?”

“नाही.”

“आनि पोरास्नी शिकवता? अवो, मळ्यात पाय न ठेवता मी ऊस किती निघंल ते सांगाय लागलो तर गाव हसंल की! खरंच प्राध्यापक हायसा न्हवं?”

मघाशी निदान धोकादायक तरी ठरलो असतो, आता सरळ भोंदूच ठरलो. आत्तीनं बशी खाली ठेवली आणि पर्स काखेत मारली.

तेवढ्यात मुलगीच बोलली, “मग उत्तर बरोबर आलं, हे कसं कळतं?”

मी सावरून बसलो. “तेच गणित दुसरं कुणीतरी वेगळ्या पद्धतीनं सोडवतं. मग दोन्ही उत्तरं ताडून बघायची.”

“आणि जुळली नाहीत तर?”

“तर आधी आपलंच चुकलं असं धरायचं आणि पहिल्यापासून तपासायचं. आमच्यात तशी रीतच आहे.”

मामांचा चमचा हातातच राहिला. ते मुलीच्या आईकडं वळले. “आक्का, बापय माणूस आनि आधी आपलंच चुकलं म्हणतोय! आता पत्रिका कशाला बघतीस? सुपारी फोडा!”

आत्तीनं पर्स खाली ठेवली. मुलीनं हसून माझ्याकडं पाहिलं. उरलेल्या आयुष्यातल्या सगळ्या भांडणांचा निकाल आपण आत्ताच लिहून दिला, हे मला काही कळलं नाही. मी आनंदानं नुसता मान हलवत होतो.