यमुनाबाईंची खिडकी

ओल्या पांढऱ्या रंगाचा वास आला, की आजही माझं बोलणं अर्ध्यावर थांबतं. त्याचं कारण सांगायचं मात्र मी इतकी वर्षं टाळत आलो.

पेणमधली ती तीन मजली इमारत मी आखली, तेव्हा माणसांनी एकमेकांपासून तुटू नये या स्वप्नाने मी भारलेलो होतो. प्रत्येक मजल्यावर लांबलचक सामाईक गॅलरी ठेवली आणि प्रत्येक घराची एकुलती एक खिडकी तिच्यातच उघडली. उतरत्या उन्हात खाडीच्या भरतीसारखी माणसं तिथे हलकेच भरून येत. गणपतीच्या मूर्ती वाळत, वाल सोलले जात, पोरं रांगत. किती लोभस दिसायचं ते! लोक वाखाणत, मी तरंगत असे.

काम चालू असतानाच तिथे राहायला येणाऱ्या यमुनाबाई भेटल्या होत्या. हमरापूरच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या, नुकताच नवरा गेलेला. म्हणाल्या, "सायब, माझी खिडकी डोक्याच्या वर घ्या ना. दिसभर डोलेच आखते मी. घरात तरी कुनाचे नकोत."

मी हसलो. अहो, शेजार असावा माणसाला, म्हणालो. शेजार कोणाला नको असतो? पण दुःखातही त्याने सतत आत डोकावावं?

वर्षभराने सहज गेलो, तर गॅलरीच्या टोकाच्या सामाईक न्हाणीघरात नळ धो धो वाहत होता. "यमुने, बंद कर गो नळ! टाकी काय तुज्या एकटीची हाय?" कुणीतरी ओरडलं, बाकीच्या बायका हसल्या. नळ थांबला, आणि त्यामागचा हुंदका एकटाच उघडा पडला. कडी काढून त्या बाहेर आल्या, मला पाहून पदर डोळ्यांना लावला. कुणाला न दिसता रडता येईल अशी तेवढीच जागा मी त्यांना ठेवली होती! हे मला कळलं, आणि मी जिना उतरलो.

पुढच्या खेपेस त्यांच्या खिडकीच्या काचांना मूर्तीला देतात तो पांढरा रंग फासलेला होता, अजून ओला. भर दुपारी आत दिवा जळत होता. मग त्या घर सोडून जिते गावी भावाकडे गेल्या.

पुढे रोह्यात मी बांधलेल्या घरांना गॅलरी आहे. पण तिच्याकडची खिडकी उंच, आणि मागे एक स्वतःची. किती विचार केलाय, असं लोक म्हणतात. तो विचार कोणाचा, हे मी कधी सांगितलं नाही.

रोह्याला जाताना गाडी जित्याला थांबते. परवा स्टेशनाची भिंत नुकती रंगवली होती; तोच वास आला. मी उठून दारापर्यंत गेलो, दांडा धरून उभा राहिलो. गाडी हलली, भाताची खाचरं मागे सरू लागली, आणि वाक्य ओठांतच राहिलं: यमुनाबाई, खिडकी वर घ्यायला हवी होती; माझं चुकलं.