जाऊबाईंची पदवी

माझ्या धाकट्या जाऊने आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही, फक्त दात पाहिलेत. दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कोणी आलं की आम्ही पाणी विचारतो, ती हिरड्या विचारते. एकदा दिराचे साहेब सपत्नीक जेवायला आले. श्रीखंड चाखून त्या बाई हसल्या, तर ही म्हणाली, "मॅडम, नीचे के दाँतों के पीछे बहुत जमा है, सफ़ाई करवा लीजिए." दिराने घाईघाईने श्रीखंडाचं भांडं पुढे केलं. पण बाई खरंच ही काम करायची त्या दातांच्या दवाखान्यात जाऊन दात साफ करून आल्या आणि फोनवर तासभर हिचं कौतुक करत राहिल्या. श्रीखंड मी केलं होतं.

दात साफ करायच्या या कामाचा तिच्याकडे डिप्लोमा होता. पुढे एका मोठ्या इस्पितळात जागा निघाली, तर तिथे पदवी मागत होते. "पूर्वी दात चकचकीत केले की झालं, ताई," ती मला म्हणाली. "आता शुगरवाले, हार्टवाले, गरोदर बायका, सगळ्यांच्या हिरड्या तपासायच्या. शिकावंच लागणार." आणि चाळिशी उलटलेली ही बाई मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर कॉलेजात जाऊ लागली. सरावाचा प्लास्टरचा जबडा मसाल्याच्या डब्याशेजारी आला. वरण शिजेपर्यंत ती तो खरवडत बसे. माझ्या एम. ए.च्या वेळी "घर कोण बघणार?" म्हणणाऱ्या सासूबाई आता हिचा डबा स्वतः भरत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी तिचा फोन आला. "ताई, माझा पेशंट आलाच नाही. तुमच्या दातांवर भरपूर कीटण आहे, मी केव्हाची बघतेय. प्लीज या."

असं आमंत्रण मला कोणी दिलं नव्हतं. तरी ऑटो करून गेले. खुर्चीत आडवी झाले, तर मास्कच्या वर तिचे डोळे भेदरलेले. एका जागी हत्यार चांगलंच झोंबलं आणि मी दचकले. परीक्षक लगेच वाकले. "तकलीफ़ हो रही है?" एक 'हाँ' पुरेसा होता. इतक्या वर्षांचा सगळा हिशेब त्या एका शब्दात चुकता झाला असता.

"बिल्कुल नहीं," मी म्हणाले.

ती पास झाली. एका मोठ्या इस्पितळात लागली आणि बिऱ्हाड गाझियाबादला हलवलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा कोट घातलेला फोटो दाखवतात आणि मी चहा टाकायला उठते.

कधीतरी रविवारी ती येते. परवा आली, इस्पितळातलं काही सांगता सांगता दिवाणावरच झोपली. तोंड किंचित उघडं, पायांना सूज. मी तिच्या अंगावर शाल घातली. शेजारच्या खोलीत सासूबाई शेजारणीला तिचंच कौतुक ऐकवत होत्या. मी उठून मधलं दार लोटून घेतलं, तिची झोप मोडू नये म्हणून.