इस्त्रीरावांच्या घरातलं शेवटचं प्रकरण

गल्लीत त्यांना सगळे इस्त्रीराव म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्यात कुणाच्या मनात वाकडं नसे. कापडाच्या मोठ्या दुकानात ते सुटिंगचा विभाग सांभाळायचे, आणि गिऱ्हाईक आधी त्यांच्या अंगावरचा कोट बघायचं, मग ठाणातलं कापड. पँटची घडी सुरीसारखी, कोटाच्या बाहीखालून शर्ट नेमका बोटभर दिसणार, रुमालसुद्धा कडक. मात्र इस्त्री त्यांनी जन्मात हातात धरली नाही. ती वहिनी धरायच्या. इस्त्रीरावांच्या बायकोला सगळे नुसतं वहिनी म्हणायचे, म्हणून आपणही तेच म्हणू. टोपणनाव द्यायचं तर माणसाकडे नीट बघावं लागतं, आणि एवढी तसदी त्यांच्यासाठी कुणी घेतली नव्हती.

दुसरी हौस स्वयंपाकाची. दर रविवारी स्वयंपाकघर साहेबांच्या ताब्यात. म्हणजे कांदे वहिनींनी चिरायचे, लसूण सोलायचा, मसाला वाटायचा, मटण धुऊन निथळत ठेवायचं; मग इस्त्रीराव पांढराशुभ्र ॲप्रन बांधून यायचे आणि ढवळायचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! जेवायला दोन-तीन मित्र, बायकांसकट. "वहिनी, नशीब काढलंत हो! आमच्या ह्यांना काड्यापेटी कुठं असते तेसुद्धा ठाऊक नाही." वहिनी हसायच्या. ओट्यावर अकरा खरकटी भांडी त्यांची वाट बघत असायची.

तिसरी हौस वाचनाची, आणि खरं दुखणं इथं होतं, कारण ती वहिनींनाही होती. लग्नाआधी त्या जिन्याच्या पायरीवर बसून वाचायच्या, आईच्या चार हाका झाल्या तरी उठायच्या नाहीत. इथं घरात पुस्तकांची दोन कपाटं होती. पण पुस्तक आधी इस्त्रीराव वाचणार, आणि वाचून झालं की त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. "अगं, खून माळ्यानंच केलेला!" आमटी वाढता वाढता वहिनींना कळायचं. वर म्हणायचे, "बघ, तुझे चार दिवस वाचवले." शेवट कळलेल्या पुस्तकाला मग वहिनींचा हात लागत नसे.

एकदाच त्यांनी स्वतःसाठी वाचनालयातून एक कादंबरी आणली. तांदळाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवली. रोज कुकर होईपर्यंत पाच-सहा पानं. तीन आठवड्यांत अर्ध्यावर आल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठावंसं वाटत होतं. रविवारी साहेबांनी तांदूळ घ्यायला डबा उघडला. रागावले नाहीत, ते कधीच रागावत नसत. पोट धरून हसले, पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत आडवे झाले, आणि वहिनी भांडी घासत होत्या तेवढ्यात भराभर चाळून मोकळे. संध्याकाळी पाहुण्यांसमोर चहाबरोबर अख्खी कादंबरी शेवटासकट सांगितली. "तांदळात पुस्तक शिजत होतं आमच्याकडे!" सगळे खो खो हसले. वहिनींनी कपबशा गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं आणि पुढची तेवीस वर्षं वाचनालयाची पायरी चढल्या नाहीत.

मग इस्त्रीरावांचे डोळे गेले. निवृत्तीनंतर दोन वर्षांत पडदे निकामी झाले. डॉक्टरांनी हात टेकले. तरी शर्ट कडकच लागे. आता ते घडीवरून बोट फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "कॉलर जरा राहिलीय." रविवारी स्टुलावर बसून वासावरून हुकूम सोडायचे; पाहुणे अजूनही साहेबांच्याच हातची चव वाखाणायचे. फक्त वाचनाचं काय करायचं? एका दुपारी ते म्हणाले, "अगं, तू वाचत जा मला."

वहिनींनी वाचनालयातून आणलेलं पुस्तक जाडजूड होतं. दोन मुलं मार्गी लावून एक बाई एका सकाळी घरातून निघून जाते, बोटीत बसते, तिची कथा. रोज दुपारी एक प्रकरण. या घरात उघडपणे पहिल्यांदाच पान आधी वहिनींच्या डोळ्यांखालून जात होतं. इस्त्रीराव कान टवकारून ऐकायचे, मधेच म्हणायचे, "येईल बघ परत. जाणार कुठं?" वहिनींना मात्र ती परत येऊ नये असं इतकं वाटे की वाचताना आवाज कापायचा. साहेबांना वाटायचं, घसा बसलाय.

शेवटचं प्रकरण राहिलं, त्या दिवशी साहेब आंघोळीला गेल्यावर वहिनींनी ते ओट्यापाशी उभ्यानंच वाचून काढलं. दूध उतू गेलं, तरी हलल्या नाहीत. ती परत येत नाही. परक्या बंदरात एक खोली घेते, खिडकी उघडते आणि आरामात एकटी जेवते. एवढंच. वहिनींनी गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि किती तरी वर्षांनी पोटभर रडल्या.

दुपारी साहेब धुतलेला शर्ट घालून बसले. "हं, वाच."

वहिनींनी पुस्तक उघडलं. पानाकडे बघत, मनानंच जुळवत, सावकाश वाचल्यासारखं म्हणत गेल्या: ती परत येते, दार ढकलते, चूल पेटवते.

"मी म्हटलं नव्हतं?" साहेब खूश झाले.

रविवारी जेवणं आटोपली होती. इस्त्रीरावांनी पाहुण्यांना ती कादंबरी रंगवून सांगितली, बोट, बंदर, सगळं. "आणि शेवटी येते की नाही परत? बाई जाणार कुठं!" सगळे हसले. "काय गं, असंच आहे ना?"

वहिनींच्या ओठांवर खरा शेवट आला होता. सांगावा, मोठ्यानं सांगावा, असं आतून उसळून आलं. पण सांगितला की तो साहेबांचा होणार होता; पुढच्या रविवारी साहेबच तो शेवट सांगणार होते. त्या घरात त्यांची स्वतःची अशी एवढी एकच गोष्ट होती, आणि ती जपायची तर जन्मभर तोंड मिटूनच राहायला हवं होतं.

"असंच आहे," वहिनी म्हणाल्या, आणि ताटं उचलायला वाकल्या.