पडदेवाले श्रावणभाऊजी

श्रावणभाऊजी माझ्या विमलताईला पाहायला आले, तेव्हा सारा वेळ तिच्या मागच्या भिंतीकडेच पाहत होते. पोहे झाले, चहा झाला. बाबांनी विचारलं, "मंग, कसं काय?" तर म्हणाले, "भिंतीचा हिरवा लय साजरा उतरला जी. चुन्यात काय टाकलं होतं?" सगळे हसले. ताईही हसली. होकार आधी तिनंच दिला.

वडशाच्या नाटक कंपन्यांसाठी ते पडदे रंगवत. राजवाडा, जंगल, गावचा रस्ता, श्रीमंताचा दिवाणखाना. घराच्या बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये भलंमोठं कापड अंथरायचं आणि त्यावर उकिडवं बसून सरकत सरकत रंगवायचं. त्यांच्या जंगलाचा पडदा उघडला, की नट यायच्या आधीच लोक टाळ्या वाजवत. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता.

दसऱ्याआधी कामाची घाई सुरू होई आणि होळीपर्यंत ते घरात असून नसल्यासारखे. कोणी काहीही म्हटलं, तरी उत्तर एकच. "एवढा पडदा होऊ दे, मंग पाहू." ताईनं शिवणाचा क्लास केलेला होता. लग्नात मशीन घेऊन गेली होती. पण त्या मशीनवर तिनं जन्मभर पडद्याच्या कापडाचे पट्टेच जोडले. शेजारच्या बायकांचे ब्लाउज वेळेवर होईनात, मग बायकांनी कापड आणून देणंच सोडलं. शीतल झाली, तेव्हा भाऊजी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, कोपरापर्यंत निळे. आमची आई गेली, तेव्हा ताई एकटीच आली. कोणी विचारलं, की म्हणे, "त्यायले नाई समजत हे. कलाकार माणूस हाय." हे ती कुरकुरत सांगत नसे. थोड्या अभिमानानंच सांगे.

मग फ्लेक्स आले. छापलेला राजवाडा दोन दिवसांत मिळू लागला आणि कंपन्यांनी भाऊजींकडे येणं बंद केलं. दिवसभर ते रिकाम्या शेडमध्ये बसून राहत. आता तरी ते घराकडे पाहतील असं मला वाटलं होतं. ते भिंतीकडे पाहत बसले.

त्याच उन्हाळ्यात शीतलला नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. भाऊजींनी साफ नाही म्हटलं. ताईनं फोन केला म्हणून मी वरोऱ्याहून, दवाखान्यातली नर्सची ड्युटी बदलून, वडशाला गेले.

"भाऊजी, तुमचाच हात घेऊन आली पोरगी. काऊन अडवता?"

"तोच हात हाय, म्हनून अडवून राह्यलो."

"फ्लेक्सनं तुमचं काम गेलं, म्हणून तिचंही जाईन काय?"

"कामाचं नाई बोलत मी." ते पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून बोलत होते. "मी रंगवाले बसलो, का मले मानूस दिसत नाई. हे पोरगी माह्यासारखीच हाय. उद्या तिचं लगन होईन, लेकरं होतीन. त्या घरच्या लोकायनं काय पाप केलं? त्यायची दया येते मले."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला पीठ होतं.

"अजी, म्हंजे तुमाले समजत होतं?"

भाऊजी पुन्हा भिंतीकडे पाहू लागले.

"बावीस वर्षं मी लोकायले सांगत आली, त्यायले समजत नाई म्हनून. तुमाले समजत होतं."

"समजे, विमल," ते हळूच म्हणाले. "पन पडदा अर्धा राह्यला असे."

ताई आत गेली. उरलेल्या भाकरी तिनं केल्या, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शीतलला घेऊन माझ्याबरोबर बसमध्ये बसली. भाऊजी बसस्टँडपर्यंत पिशवी घेऊन आले. पिशवी ताईच्या हातात दिली आणि माघारी वळले.

शीतल नागपूरला शिकायला गेली. ताई माझ्याकडेच राहिली. दोन वर्षांनी भाऊजी गेल्याचा निरोप आला. झोपेतच गेले. दाराची कडी आतून लावलेली होती, शेजाऱ्यांना दुपारी कळलं.

तेराव्यानंतर कंपनीवाल्यांनी शोकसभा ठेवली. मागे त्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला होता. एका निर्मात्यानं भाषण केलं. "श्रावण पेंटरनं कलेसाठी सारा संसार वाहून देल्ला," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. मग ताईला वर बोलावून शाल दिली आणि दोन शब्द बोलायला माइक पुढे केला. ताई आयुष्यात कधी माइकपुढे उभी राहिली नव्हती.

"भाऊ, बाकी सारं बराबर बोलले तुमी," ती म्हणाली. "पन त्यायनं वाह्यला तो संसार माहा होता."

या वेळी टाळी कोणी वाजवली नाही. ताईनं शालीची घडी घालून ती खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून खाली आली.